कुंदाताईंचा दंड

जांभळ्या साडीवरचा ब्लाउज कुंदाताईंनी घालायला घेतला तेव्हा बाही कोपरापर्यंत गुमान आली आणि तिथून पुढे जायला तिने साफ नकार दिला. त्यांनी ओढून पाहिलं, श्वास रोखून पाहिलं, जसा काही श्वास रोखल्याने दंड बारीक होतो. शेवटी शिवण उसवल्याचा आवाज आला तेव्हा त्यांनी नाद सोडला आणि तळमजल्यावरच्या हळदीकुंकवाला त्या रोजच्याच साडीत जाऊन आल्या.

दुसऱ्या दिवशी तो ब्लाउज पिशवीत घालून त्या जयवंत टेलरकडे गेल्या. मुलुंड पूर्वेला गव्हाणपाड्याच्या नाक्यावर जयवंतचं दुकान आहे आणि आसपासच्या सोसायट्यांतल्या बायकांची मापं त्याला तोंडपाठ असतात. त्याने टेप लावली, पुन्हा लावली, आणि म्हणाला की वहिनी, कंबर उलट उतरलीय तुमची, दंडच तेवढा वाढलाय, जिमबिम लावलीत की काय. दुकानातल्या दोघी हसल्या. कुंदाताईही हसल्या, कारण अशा वेळी हसायचं असतं. पण घरी येताना त्यांनी पदराआडून दोन्ही दंड चाचपून पाहिले. सहासष्टाव्या वर्षी आपोआप वाढते ती सूज, दुसरं काही नाही, अशी त्यांची खात्री होती. आणि त्यांच्या घरात एक पेशंट आधीच होता. दुसऱ्याला आजारी पडायला जागा नव्हती.

पहिला पेशंट म्हणजे त्यांचे यजमान, शरच्चंद्र पेडणेकर. टेलिफोन खात्यातून निवृत्त, नाकावर माशी बसू न देणारा माणूस. गणपतीनंतर सोसायटीच्या जिन्यापाशी, नुकत्याच पुसलेल्या लादीवर त्यांचा पाय सरकला आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, सळी बसली, मध्येच न्यूमोनियाने गाठलं, त्यातूनही ते उठले. म्हणजे उठले असं म्हणायची पद्धत आहे. खरं तर ते पलंगावरच होते आणि हाड सांधेपर्यंत त्यांच्या मांड्या उतरत उतरत लेंग्यात हरवून गेल्या होत्या.

डॉक्टरांनी आडपडदा ठेवला नाही. हाडाचं काम मी केलं, म्हणाले, आता स्नायूंचं तुम्ही करायचं. पायाला वजन बांधून तो उचलायचा, हातांचा आधार न घेता खुर्चीतून उठायचं, बसायचं, पुन्हा उठायचं. व्यायाम झाला की अमिनो ॲसिडची पावडर पाण्यातून घ्यायची. व्यायामाने स्नायू थोडा मोडतो आणि मग विश्रांतीत शरीर तो पुन्हा बांधतं, पहिल्यापेक्षा बळकट. ही पावडर म्हणजे त्या बांधकामाच्या सुट्या विटा. उतारवयात आणि आजारपणानंतर नुसत्या वरणभातावर हे काम रखडतं म्हणून ती द्यायची, जादू म्हणून नाही. पण हे सगळं आत्ता, पहिल्या काही महिन्यांत. एकदा अंगाला पडून राहण्याची सवय लागली की मग फार कठीण जातं.

फिजिओथेरपीला गंधाली यायची. भांडुपहून स्कूटीवर, आठवड्यातून दोनदा, पाठीवर सॅक आणि सॅकमध्ये वाळूच्या पिशव्या आणि रबरी पट्टे. पहिल्याच दिवशी तिने पेडणेकरांना विचारलं होतं की काका, तुम्हाला नेमकं काय करता यायला हवंय? तिच्या इतर पेशंटांपैकी कोणी बागेत फिरायचंय म्हणायचं, कोणी गावी जायचंय म्हणायचं. पेडणेकर खिडकीकडे बघत म्हणाले, "कडी."

गंधालीला कळलं नाही. कुंदाताईंना कळलं आणि त्या स्वयंपाकघरात निघून गेल्या.

संडासाची कडी. दवाखान्यातून आल्यापासून कुंदाताई त्यांना वॉकरवरून तिथपर्यंत न्यायच्या, बसवायच्या आणि तिथेच भिंतीकडे तोंड करून उभ्या राहायच्या, तोल गेलाच तर धरायला. दार नुसतं लोटलेलं. ज्या माणसाने उभ्या संसारात बायकोसमोर बनियनही बदलला नव्हता, त्याच्यावर ही वेळ. दोघंही त्याबद्दल चकार शब्द काढत नसत. त्या दाराची कडी तशी पहिल्यापासून हट्टी. लाकूड फुगलेलं. आतून एका हाताने दार घट्ट ओढून धरायचं आणि दुसऱ्या हाताने कडी सरकवायची, तेव्हा कुठे ती बसायची. पाहुण्यांना ते जमत नसे म्हणून कुंदाताई बाहेरून दार रेटून धरत. पेडणेकरांना मात्र कधी कोणाची मदत लागली नव्हती. आता दोन्ही हात दाराला देऊन नुसत्या पायांवर उभं राहणं त्यांच्या आवाक्याबाहेर गेलं होतं.

पावडरीचं काय झालं ते सांगायला हवं. ती कडू होती. नुसती कडू नव्हे, जिभेवर बसून राहणारी, औषधाच्या दुकानाच्या वासाची. पेडणेकरांना मुळात पेल्याच्या तळाशी थोडं ठेवायची सवय. चहा असो, ताक असो, शेवटचा घोट ते ठेवायचे आणि पेला सरकवायचे, आणि तो घोट कुंदाताई घ्यायच्या. लग्न झाल्यापासूनचा हा रिवाज. कोणी सुरू केला हे दोघांनाही सांगता आलं नसतं. पावडरीच्या बाबतीत हा तळाचा घोट वाढत गेला. आधी चतुर्थांश पेला, मग अर्धा, मग ते दोन घोट घेऊन तोंड वाकडं करायचे आणि पेला सरकवायचे. एवढं महागाचं औषध मोरीत ओतणं कुंदाताईंच्या जिवावर यायचं. त्या नाक दाबून पिऊन टाकायच्या आणि पेला विसळून पालथा घालायच्या.

उठण्याचंही तसंच. सुरुवातीला एकदा पेडणेकरांनी खुर्चीतून स्वतः उठायचा प्रयत्न केला. अर्धे उठले आणि तिथेच थरथरू लागले. गुडघे लटपटतायत, मान लाल झालीय, घाम सुटलाय, आणि त्यांचे डोळे कुंदाताईंवर. त्यांच्याच्याने ते बघवेना. त्या धावल्या, काखेत हात घातले आणि "चला, हं" म्हणत त्यांना उभं केलं. तेव्हापासून तीच रीत पडली. पलंगावरून खुर्चीत, खुर्चीतून वॉकरवर, संडासातून बाहेर, परत पलंगावर, दिवसभर कुंदाताई तो उंचापुरा माणूस उचलत होत्या. पहिल्या पंधरवड्यात त्यांचं अंग इतकं आंबून जायचं की रात्री कूस बदलताना कण्हणं ओठात दाबावं लागे. स्वयंपाकघरात जाऊन त्या खांद्यांना बाम चोळायच्या आणि वास जावा म्हणून पंख्याखाली उभ्या राहायच्या. मग हळूहळू दुखणं थांबलं. सवय झाली, त्यांना वाटलं. पेडणेकर उठताना पूर्वीइतके जड लागेनासे झाले तेव्हा तर त्या मनातून खूश झाल्या. म्हटलं, त्यांचे पाय जोर धरतायत.

गंधाली दर वेळी पेडणेकरांची मांडी टेपने मोजायची आणि आकडा तिथल्या तिथेच. पलंगावर झोपून करायचे व्यायाम ते तिच्यासमोर मुकाट्याने करत. खुर्चीतून उठा म्हटलं की अर्ध्यावर थरथरत आणि कुंदाताईंचे हात आपोआप मध्ये येत. तिला वाटे, आज काकांचा दिवस बरा नाही. ब्लाउज उसवला त्या आठवड्यात मात्र तिने टेप गुंडाळली आणि खुर्ची ओढून बसली. म्हणाली की एव्हाना फरक दिसायला हवा होता, दिसत नाही, आता घरच्यांनी पुढचा विचार करून ठेवलेला बरा. संध्याकाळी हैदराबादहून मुलगा अनयचा फोन आला. त्याने आईला काळजीनेच सांगितलं की हॉस्पिटलसारखा वरखाली होणारा पलंग घेऊ, एक कायमचा माणूस ठेवू, तो पलंगावरच सगळं करेल, तू किती दिवस ओढणार आहेस. फोन स्पीकरवर होता. पेडणेकर पलीकडे पडल्या पडल्या ऐकत होते.

"मागव म्हणावं पलंग," ते म्हणाले आणि त्यांनी भिंतीकडे तोंड केलं.

कुंदाताईंना त्या रात्री फार भीती वाटली. नवऱ्याची काळजी एकीकडे आणि दंडांची दुसरीकडे. आपण सुजून अंथरूण धरलं तर यांना उचलायचं कोणी? म्हणून पुढच्या वेळी गंधाली निघाली तेव्हा त्या तिच्यामागे जिन्यापर्यंत गेल्या, घराचं दार ओढून घेतलं आणि बाही वर सरकवून म्हणाल्या की बघ गं जरा, ही सूज कसली आलीय, काकांना सांगू नकोस.

गंधालीने दंड दाबला. कोपरात हात दुमडायला सांगितला, पुन्हा दाबला, खांदे चाचपले, पाठ चाचपली. आणि चक्क हसायला लागली. म्हणाली, काकू, ही सूज नाही, हे मसल आहेत, आमच्या बॅचच्या मुलींचे असे नव्हते. तुम्ही उचलता तरी काय?

"मी कशाला काय उचलतेय? यांना उठवते तेवढंच."

गंधालीचं हसणं थांबलं.

"काकू, मी दर वेळी विचारते, काका दिवसातून पाच-सहा वेळा उठतात ना? तुम्ही काय सांगता?"

"हो, उठवते की."

"उठवता. मी ऐकत होते उठतात." ती चपलांच्या स्टँडवर टेकली. "आणि पावडर? संपते ना म्हटलं की तुम्ही म्हणता संपते."

"संपतेच. रोज. एक थेंब वाया जात नाही," कुंदाताई म्हणाल्या, आणि बोलता बोलताच त्यांचा आवाज खाली आला. पालथा घातलेला पेला त्यांच्या डोळ्यांसमोर आला असावा.

मग गंधाली म्हणाली, "व्यायाम तुम्ही केलात, पावडर तुम्ही प्यायलात, अंग भरलं तेही तुमचंच. माझा पेशंट कोण आहे हेच मला कळलं नाही. चूक माझी पण आहे ना, मी पेला संपला का विचारलं, कोणी संपवला ते विचारलं नाही."

कुंदाताईंना रडू कोसळलं. नवऱ्याच्या ताटातलं आपण इतके दिवस ओरबाडून खाल्लं असं त्यांना झालं. ज्यांना उभं करायचं म्हणून जीव काढला त्यांना आपणच पाडून ठेवलं. गंधालीने त्यांचा तो भरलेला दंड धरला आणि समजूत घातली की तुम्ही वाईट काही केलं नाहीत, तुम्ही काम केलंत, फक्त ते काम त्यांचं होतं. पायाला जेव्हा जड जातं तेव्हाच तो घडतो. ते जड जाणंच तुम्ही रोज उचलून घेत होतात. अजून वेळ गेलेली नाही. थरथरले तरी थरथरू द्या. मागे भक्कम खुर्ची ठेवा, पडलेच तर तिच्यात पडतील. तुम्ही जवळ उभ्या राहा, पण हात मागे.

हात मागे. म्हणायला काय जातं?

दुसऱ्या दिवशी कुंदाताईंनी पावडर पाण्याऐवजी कोकम सरबतात घातली, वर जिऱ्याची पूड आणि चिमूट मीठ. कडूपणा गेला नाही, पण निदान ओळखीचा झाला. पेडणेकरांनी निम्मं घेतलं आणि सवयीने पेला सरकवला. कुंदाताईंनी तो उचलला नाही. पेला टेबलावर तसाच राहिला. ज्या बाईला घरात उष्टा पेला पाहवत नाही ती समोर बसून शेंगा सोलत होती.

"घे की," पेडणेकर म्हणाले.

"तो माझा नाही."

मग त्यांनी सगळं सांगितलं. ब्लाउज, जयवंत, जिन्यातली गंधाली. पेडणेकर ऐकत राहिले. हसतील असं त्यांना वाटलं होतं, ते हसले नाहीत. पेलाही त्यांनी उचलला नाही. दुपारी खुर्चीतून उठायची वेळ आली तेव्हा कुंदाताई समोर उभ्या राहिल्या आणि पाठीमागे एका हाताने दुसऱ्या हाताचं मनगट घट्ट धरलं. पेडणेकर अर्धे उठले. तीच थरथर, तीच लाल मान, आणि तेच डोळे.

"कुंदा, हात दे."

"देणार नाही."

ते खुर्चीत कोसळले. त्यांच्या चेहऱ्यावर जे उमटलं ते कुंदाताईंनी कधी पाहिलं नव्हतं. एवढी ताकद त्यांच्या हातांत होती की त्या नवऱ्याला चिमटीत उचलू शकल्या असत्या, आणि ती सगळी ताकद त्यांना स्वतःचेच हात धरून ठेवायला पुरत नव्हती. त्या स्वयंपाकघरात गेल्या, नळ सोडला आणि मनसोक्त रडल्या. आपण दुष्ट आहोत असं त्यांना वाटलं. परत आल्या तेव्हा पेला रिकामा होता.

पेडणेकरांनी त्यानंतर अबोला धरला. पण अबोल्यात एक बरं असतं, माणूस मदत मागत नाही. ते खुर्चीत बसून दात-ओठ खात उठायचे, धपकन बसायचे, दम खायचे, पुन्हा उठायचे. कुंदाताई वर्तमानपत्र धरून शेजारी बसायच्या आणि पान उलटायला विसरायच्या. व्यायाम झाला की कोकमाचा पेला पुढे यायचा आणि तळापर्यंत संपायचा. रात्री पेडणेकर कण्हू लागले. मांड्या ठणकतायत, डोंगर उतरल्यासारखं सगळं अंग आंबलंय. गंधालीला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली की सळीपाशी नाही ना दुखत, पाय सुजला नाही ना, मग चांगलंय, काम झाल्याचं ते दुखणं आहे, उद्या विश्रांती द्या, बांधकाम विश्रांतीतच होतं.

कुंदाताई बामची बाटली घेऊन त्यांच्या मांड्या चोळत बसल्या.

"तुला पण असंच दुखायचं?" पेडणेकरांनी विचारलं. अबोला मोडला तो असा.

"कधी?"

"दिवाळीच्या आधी. तू आत जाऊन बाम लावायचीस. मला वास यायचा."

"मग बोलला का नाहीत?"

"काय बोलणार? बोललो असतो तर तू मला उचलायची थांबली असतीस." ते छताकडे बघत होते. "भीती वाटायची मला. तू हात काढलास आणि मी नाहीच उठलो तर? म्हणून विचारलंच नाही. तुझ्या जिवावर पडून राहिलो."

कुंदाताई चोळत राहिल्या. त्यांना त्या माणसाबद्दल इतकी माया दाटून आली की बाम जरुरीपेक्षा बराच खर्ची पडला.

पुढे सगळं सरळ झालं असं नाही. एखादा दिवस चांगला जायचा आणि दुसऱ्या दिवशी गुडघे संप पुकारायचे. एकदा खुर्चीचा अंदाज चुकून ते पलंगाच्या कडेवर बसले आणि दोघांचाही जीव खालीवर झाला. पण टेपवरचा आकडा हलला. अगदी बोटभरही नाही, तरी हलला, आणि गंधालीने तो कुंदाताईंना दोनदा दाखवला. अनयला पलंगाचं तूर्त राहू दे म्हणून कळवलं. प्लंबर बोलावून संडासाच्या भिंतीला स्टीलची दांडी बसवून घेतली. कडीचं काय, असं पेडणेकरांनी गंधालीला विचारलं तेव्हा तिने त्यांना दोन्ही हात छातीशी धरून उठायला लावलं, उभं ठेवलं, मनातल्या मनात काहीतरी मोजलं आणि म्हणाली, लावा.

दुसऱ्या दिवशी सकाळी पेडणेकर खुर्चीतून उठले, वॉकर धरून निघाले. कुंदाताई मागून. दारापाशी त्यांनी वॉकर भिंतीला लावला, दांडी धरून आत पाऊल टाकलं आणि वळले. कुंदाताईही सवयीने आत शिरत होत्या. पेडणेकरांनी नुसतं त्यांच्याकडे पाहिलं. कुंदाताई मागे सरल्या आणि दार त्यांच्या तोंडासमोर लागलं.

कडीचा आवाज आला. खडखड. बसली नाही. दार अंगुळभर आत ओढलं गेलं, परत सैल पडलं. पुन्हा खडखड. इतक्या दिवसांत वापर नाही, लाकूड आणखी फुगलेलं. आतून जोराच्या श्वासाचा आवाज यायला लागला. कुंदाताईंचा हात दारावर गेला. नुसता तळवा टेकवून रेटलं असतं तरी पुरे होतं, कडी लोण्यासारखी सरकली असती, आणि आतल्या माणसाला कळलंही नसतं.

त्यांनी हात काढून घेतला आणि पदरात गुंडाळला.

खडखड थांबली. मग दार एकदम करकचून आत ओढलं गेलं, चौकट कुरकुरली आणि कडी बसली. खट्ट.

मग आतून आवाज आला, जरा धापलेला, पण जुना, टेलिफोन खात्यातला.

"कुंदा, गेलीस का तिथून?"

कुंदाताईंनी दाराला गाल टेकवला होता आणि डोळ्यांतलं पाणी त्या फुगलेल्या लाकडावर ओघळत होतं.

"हो," त्या तिथूनच म्हणाल्या, "कधीच गेले."